खेळा, पण फक्त नाताळात! पबमधल्या खेळांची आणि कायद्याची गोष्ट

हेडफोन लावले असतील तर उत्तम, आणि लोकलच्या गर्दीत ऐकू येत नसेल तर आजच्या एपिसोडचा हा मजकूर आहेच.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. समजा, सरकारनं उद्या फर्मान काढलं की नोकरी करणाऱ्या माणसानं वर्षातले ३५३ दिवस पत्ते, फासे, चेंडू कशालाही हात लावायचा नाही. उरलेल्या १२ दिवसांत खेळायला परवानगी. पण तीही बॉसच्या घरी, नाहीतर बॉस समोर हजर असताना! काय कराल? मीम बनवाल, बरोबर. पण इंग्लंडमध्ये असा कायदा खरोखर होता. आणि नाताळच्या संध्याकाळी तिथल्या पबमध्ये जे खेळ रंगतात, त्यांचा इतिहास या कायद्याला चकवत चकवतच पुढे आलाय.

म्हणून आज आपण पबमध्ये जाणार आहोत. पिण्यासाठी नाही हं, खेळण्यासाठी.

आधी ती संध्याकाळ बघू

पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’. नावातच घर आहे. आपल्याकडे पब म्हटलं की कानठळ्या बसवणारं संगीत आणि दारावरचा बाउन्सर डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडमधला जुना पब तसा नाही. गल्लीतल्या माणसांची ती बैठकीची खोली. घरं लहान, थंडी कडाक्याची, मग शेकोटी, उजेड आणि माणसं कुठे? तर पबमध्ये.

डिसेंबरच्या शेवटी तिथे चार बाजूंना चार डाव चाललेले असतात. एका भिंतीवर डार्ट्सचा बोर्ड. एका कोपऱ्यात छतापासून सोडलेली दोरी आणि तिच्या टोकाला कडी. ती झोका देऊन समोरच्या भिंतीवरच्या हुकात अडकवायची. याला म्हणतात ‘रिंगिंग द बुल’. नॉटिंगहॅमच्या ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ या प्रसिद्ध पबमध्ये हा खेळ आहे. ऐकायला सोपा वाटतो, पण नवख्याचे दहा झोके गेले तरी कडी हुकाला नुसती टण्णकन आपटून परत येते. पश्चिम इंग्लंडात गेलात तर पबच्या मागे लांबलचक गाळा दिसेल. तिथे नऊ लाकडी खुंट्या उभ्या करून त्या चेंडूनं पाडायच्या, तो खेळ स्किटल्स. आणि ऑक्सफर्डशायरमध्ये ‘आंट सॅली’: खांबावर एक पांढरी लाकडी बाहुली ठेवायची आणि लांबून सहा दांडके फेकून ती उडवायची.

पण माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे ‘शव्ह हेपनी’. टेबलावर दगडी पाटीची किंवा गुळगुळीत लाकडाची फळी. तिच्यावर आडव्या रेघा मारून केलेले नऊ पट्टे. पाच जुनी अर्ध्या पेनीची नाणी. नाणं फळीच्या काठाबाहेर थोडं डोकावेल असं ठेवायचं आणि तळहातानं हलकेच ढकलायचं. कॅरमसारखी टिचकी नाही, नुसता धक्का. नाणं दोन रेघांच्या बरोबर मध्ये थांबलं पाहिजे. रेघेला शिवलं तरी बाद. नाण्याची रुंदी साधारण एक इंच, पट्ट्याची सव्वा इंच. म्हणजे चुकायला जागा किती? पाव इंच! प्रत्येक पट्ट्यात तीन-तीन नाणी बसवायची, म्हणजे एकूण २७. हिशेब खडूनं मांडायचा. हरला त्यानं पुढचा ग्लास पाजायचा.

आणि पूर्वी नाताळात आणखी एक प्रकार चालायचा, तो ऐकून तुमची आई ओरडेल. ‘स्नॅपड्रॅगन’. पसरट भांड्यात मनुका, त्यांवर गरम ब्रँडी, आणि ब्रँडीला काडी लावायची! खोलीतले दिवे मालवायचे. निळ्या ज्वाळांत हात घालून झटकन मनुका उचलायचा, तो तोंडात टाकायचा आणि तोंड मिटून आग विझवायची. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात हा शब्द आहे. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात मुलांसाठी मेणबत्तीवर जी गाजलेली व्याख्यानं दिली, त्यांत याच खेळाचं उदाहरण घेतलंय. मनुका तिथे वातीचं काम करतो, असं ते समजावतात. घरी करून बघू नका, एवढंच सांगतो.

मग राजाला अडचण काय होती?

हे सगळे खेळ निरुपद्रवी वाटतात ना? सत्तेला तसं वाटत नव्हतं.

१३८८ साली, दुसऱ्या रिचर्डच्या काळात, कायदा झाला की नोकरांनी आणि मजुरांनी रविवारी आणि सणासुदीला धनुष्यबाण चालवायचा सराव करावा; चेंडू, फासे, दगडफेक, खुंट्या पाडणं असले खेळ सोडून द्यावेत. कारण लष्करी होतं. इंग्लंडची ताकद म्हणजे लांब धनुष्य. ते ओढायला लहानपणापासून सराव लागतो. पोरं खुंट्या पाडत बसली तर फ्रान्सशी लढणार कोण?

१४९५ साली सातव्या हेन्रीच्या कायद्यात ती गमतीची अट आली. शिकाऊ कामगार, मजूर, नोकर यांनी नाताळाव्यतिरिक्त खेळायचं नाही, आणि नाताळातही मालकाच्या घरी किंवा मालकासमोरच. नाताळ म्हणजे तेव्हा एका दिवसाचा सण नव्हता. २५ डिसेंबरपासून ५ जानेवारीच्या रात्रीपर्यंत १२ दिवस तो चालायचा.

आणि मग १५४१. आठवा हेन्री. तोच तो, सहा लग्नांवाला. त्याच्या कायद्यात धनुष्यं आणि बाण बनवणाऱ्या कारागिरांची तक्रार नोंदली आहे, की लोक खेळात रमलेत आणि आमचा धंदा बसलाय. लबाड माणसं रोज नवनवे खेळ शोधून काढतात अशी तणतणही आहे. त्या नव्या खेळांमध्ये चक्क एक नाव येतं ‘शव्ह ग्रोट’. ग्रोट म्हणजे चार पेन्सचं चांदीचं नाणं. आत्ता आपण पाव इंचाच्या हिशेबानं पाहिला ना, त्याच खेळाचा हा पूर्वज. पुढे शेक्सपियरच्या नाटकातही त्याचा उल्लेख येतो.

शिक्षा काय? खेळाचा अड्डा चालवणाऱ्याला दिवसाला ४० शिलिंग दंड. आणि कारागीर, शेतकरी, शिकाऊ, मजूर, खलाशी, कोळी, नावाडी, नोकर यांपैकी कोणी नाताळाबाहेर खेळताना सापडला तर दर वेळी २० शिलिंग. आता हिशेब करा. २० शिलिंग म्हणजे २४० पेन्स. साध्या मजुराला तेव्हा दिवसाला साधारण ४ पेन्स मिळायचे. म्हणजे एका डावासाठी ६० दिवसांची मजुरी! कुठलाही जुगार इतका महाग पडत नाही.

आणि थोरामोठ्यांचं काय? ज्याच्याकडे वर्षाला १०० पौंड किंवा जास्त उत्पन्न देणारी जमीन आहे, तो आपल्या घरात आपल्या नोकरांना खेळायची परवानगी देऊ शकत होता. खुद्द हेन्रीला टेनिसचा नाद होता. राजवाड्यात खेळांसाठी खास जागा बांधलेल्या होत्या. त्याच्या खासगी खर्चाच्या वहीत तर १५३२ साली शव्हलबोर्डवर, म्हणजे टेबलावर चकत्या सरकवण्याच्या खेळात, एका सरदाराकडून हरल्याबद्दल पैसे चुकते केल्याची नोंद आहे. नऊ वर्षांनी तोच राजा मजुराला नाणं सरकवायला बंदी करतो.

मला इथे खरी गोष्ट दिसते. कायद्याला खेळाचा राग नव्हता. राग होता गरिबाच्या मोकळ्या वेळेचा. मजुराचा दिवस मालकाचा, मजुराचा रविवार देवाचा आणि राजाच्या सैन्याचा. मग त्याचा स्वतःचा वेळ कुठला? तर नाताळातला. तोही मालकाच्या नजरेखाली.

आणि एकदा तर तोही गेला. १६४७ साली प्युरिटन संसदेनं नाताळ हा सणच रद्द केला. त्या डिसेंबरात कँटरबरीत लोकांनी रस्त्यावर उतरून दंगल केली, दुकानं उघडी ठेवणाऱ्यांशी भांडणं झाली, आणि रस्त्यात फुटबॉल खेळला गेला. बारा दिवसांची हक्काची मोकळीक काढून घेतली की माणसं कशी वागतात, याचा तो नमुना. १६६० मध्ये राजेशाही परत आली, नाताळही परत आला.

मॅजिस्ट्रेटला चकवा

पुढची दोनशे वर्षं धनुष्य गेलं, बंदूक आली. पण खेळावरचा कायदा तसाच राहिला. आता कारण बदललं होतं. पब चालवायला लायसन्स लागायचं आणि ते मॅजिस्ट्रेटच्या हातात. त्यांना वाटायचं, खेळ आहे म्हणून कामगार पबमध्ये थांबतो, थांबतो म्हणून पितो, पितो म्हणून सोमवारी कामावर येत नाही.

जोसेफ स्ट्रट या लेखकानं १८०१ साली इंग्रजांच्या खेळांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात एक किस्सा आहे, तो मला फार आवडतो. लंडनच्या मॅजिस्ट्रेटांनी पबांमधले स्किटल्सचे सांगाडे उखडायला लावले. लोकांनी काय केलं? नऊ भोकांत गोळे टाकण्याचा एक जुना खेळ उकरून काढला आणि त्याला नवं नाव दिलं: ‘बबल द जस्टिस’. मराठीत सांगायचं तर ‘न्यायाधीशाला टोपी’! त्यांचा तर्क असा की कायद्यात ज्या खेळांची नावं आहेत तेवढेच बंद. या खेळाचं नावच कायद्यात नाही, तर पकडणार कसं?

आपल्याकडे एखादं अ‍ॅप बंद झालं की दुसऱ्या दिवशी नव्या नावानं तेच अ‍ॅप येतं. त्या युक्तीला दोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे म्हणायची.

नशीब की हात?

१८४५ मध्ये ब्रिटिश संसदेनं नवा गेमिंग कायदा केला. हेन्रीच्या कायद्यातला एक भाग त्यानं काढून टाकला: जे खेळ निव्वळ कौशल्याचे आहेत, ते यापुढे बेकायदा नाहीत. ‘निव्वळ कौशल्याचा खेळ’, हे शब्द लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहेत.

तीनशे वर्षं कायदा विचारत होता, ‘खेळतोय कोण?’ आता तो विचारू लागला, ‘खेळात चालतं काय? नशीब की हात?’ हा बदल साधा नाही. मजूर आहे म्हणून दोषी, हे संपलं. हातात कसब असेल तर मजूरही राजाइतकाच खेळाडू ठरू शकत होता.

पबवाल्याची धाकधूक मात्र गेली नाही. १८७२ च्या लायसन्सिंग कायद्यानं आपल्या पबमध्ये जुगार चालू देणाऱ्या मालकाला दंड ठेवला. म्हणून प्रत्येक खेळाला सिद्ध करावं लागायचं की मी कौशल्याचा आहे.

डार्ट्सवाले याबद्दल एक कथा सांगतात. पबमधली गोष्ट म्हणूनच ती ऐका. १९०८ साल, लीड्स शहर. एका पबमालकावर खटला: डार्ट्स हा नशिबाचा खेळ, तो तू चालू दिलास. म्हणे मालकानं कोर्टातच बोर्ड टांगला आणि तिथल्या एका तरबेज खेळाडूला उभं केलं. त्यानं तीन बाण फेकले, तिन्ही २० च्या घरात. मग कोर्टातल्या कारकुनाला फेकायला सांगितलं, त्याला काही जमेना. पुन्हा खेळाडू, पुन्हा तेच. न्यायाधीश म्हणाले, हा नशिबाचा खेळ नव्हे. खटला खलास!

कथेचं राहू द्या, बोर्डच नीट बघा. सगळ्यात वर २०. त्याच्या डावीकडे ५, उजवीकडे १. १९ च्या दोन बाजूंना ३ आणि ७. म्हणजे मोठ्या आकड्यावर नेम धरला आणि केसभर चुकलं तर हातात चिल्लर. अंदाजपंचे फेकणाऱ्याला हा बोर्ड दयामाया दाखवत नाही. नशिबाला शिक्षा आणि हाताला बक्षीस, असाच तो आखलाय. खेळाडू उभा राहतो ७ फूट सव्वानऊ इंचांवर. ५०१ पासून उलटी मोजणी, आणि शेवट दुहेरी गुणांच्या बारीक पट्टीवरच व्हायला हवा. कोर्टात जे सांगायला वकील लागेल, ते हा बोर्ड एका फेकीत सांगतो.

राणी जिंकली, ग्लासगोत बंदी आली

१९२० च्या दशकात डार्ट्स संघटित झालं. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वर्तमानपत्रानं १९२७ साली लंडन भागात स्पर्धा सुरू केली, ती पबांमधूनच खेळली जायची. १९३९ च्या अंतिम सामन्यांना लंडनच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये १४ हजारांवर माणसं जमली. दिवसभर कारखान्यात राबणारी माणसं, आणि त्यांच्यातल्याच एकाचा नेम बघायला १४ हजार डोकी!

डिसेंबर १९३७ मध्ये राजा सहावा जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ स्लाउ इथल्या एका सामाजिक केंद्राला भेट द्यायला गेले. तिथे डार्ट्सचा बोर्ड होता. दोघांनी बाण फेकले आणि राणीचे गुण राजापेक्षा जास्त झाले. बातमी सगळ्या पेपरांत. पबमधल्या पुरुषांच्या खेळाकडे बायकाही वळल्या. आठव्या हेन्रीच्या वारसानं मजुरांच्या खेळात हार पत्करली, तीही हसत. कायद्यानं जे अंतर राखलं होतं, ते एका भिंतीवरच्या बोर्डानं दोन मिनिटांत पुसलं.

तरी जुनी खोड जाते थोडीच! त्याच दशकाच्या अखेरीस ग्लासगोच्या मॅजिस्ट्रेटांनी पबमध्ये डार्ट्सवर बंदी घातली. राजवाड्यात चालतं, पण कामगाराच्या पबमध्ये नको. काही ओळखीचं वाटतंय?

आज नाताळ आणि डार्ट्स हे समीकरणच झालंय. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये डिसेंबरच्या मध्यापासून जागतिक स्पर्धा रंगते. हजारो लोक कोणी केळं, कोणी पोप, कोणी ट्रॅफिक कोन बनून लांब टेबलांशी बसतात. ल्यूक लिटलर नावाचा मुलगा १६ व्या वर्षी तिथे अंतिम सामन्यात पोचला, जानेवारी २०२४ मध्ये, आणि हरला. पुढच्या जानेवारीत, १७ व्या वर्षी, मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ नं हरवून तो जगज्जेता झाला. एवढा लहान जगज्जेता त्या स्पर्धेनं कधी पाहिला नव्हता. १५४१ साली याच वयाच्या शिकाऊ पोराला सापडला असता तर २० शिलिंग दंड होता.

आणि आपला काय संबंध?

थेट संबंध आहे. ते ‘निव्वळ कौशल्याचा खेळ’ शब्द आठवतायत? ते जहाजात बसून इकडे आले. भारताच्या १८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात ते आहेत. मुंबई प्रांताच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या १३ व्या कलमातही आहेत: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही, मग तो कुठेही खेळला जावो. महाराष्ट्रात आजही हाच कायदा चालतो. म्हणजे तुमच्या सोसायटीतल्या कॅरमच्या टेबलाला जे संरक्षण आहे, ते आणि इंग्लिश पबमधल्या नाण्याच्या फळीला मिळालेलं संरक्षण एकाच वाक्यातून आलंय.

१९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं याच रेघेवर विचार केला. बक्षिसाच्या कोड्यांचा विषय होता. जिथे यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर ठरतं ती स्पर्धा जुगार नाही, जिथे तसं नाही तो जुगार, आणि जुगाराला धंद्याचं घटनात्मक संरक्षण नाही. १९६७ साली न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. पुढे मोबाइलवरच्या रमी आणि फँटसी क्रिकेटच्या कंपन्या याच शब्दांच्या आधारानं उभ्या राहिल्या.

आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो, की दोन्हींचा. ई-स्पोर्ट्स चालतील, पैसे न लावता करमणुकीचे खेळ चालतील. म्हणजे १८४५ मध्ये विचारायला लागलेला प्रश्न, नशीब की हात, ऑनलाइनच्या बाबतीत बाजूलाच ठेवला गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग हेन्री आणि हा कायदा एकच झाले का? मला तसं वाटत नाही. फरक पबमध्येच दिसतो.

पबमधल्या डावात समोरचा माणूस दिसतो. त्याचा हात दिसतो. हिशेब खडूनं, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. पैज एका ग्लासाची. तुम्ही फार हरायला लागलात तर पबवाला म्हणतो, ‘पुरे आज, घरी जा.’ कारण उद्याही तुम्ही त्याच्याच दारात यायला हवे असता. १९६० नंतर ब्रिटिश पबांमध्ये नाणी गिळणारी जुगारी यंत्रं शिरली, तेव्हा पहिल्यांदा असा ‘खेळगडी’ आला ज्याला तुमचं नाव माहीत नव्हतं आणि ज्याच्यासमोर हाताच्या कसबाला किंमत नव्हती. आपल्या हातातलं अ‍ॅप त्या यंत्राचं नातवंड आहे. फक्त ते रात्री दोन वाजताही जागं असतं, आणि ‘पुरे आज’ असं कधीच म्हणत नाही.

म्हणून कुठल्याही खेळबंदीची बातमी आली की मी दोन प्रश्न विचारतो, तुम्हीही विचारून बघा. ही बंदी कुणाच्या मोकळ्या वेळेवर आहे? आणि या खेळात माझ्यासमोर माणूस बसलाय की कंपनीचा हिशेब? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘फक्त गरिबांच्या’ असं आलं, तर तो हेन्रीचा कायदा. दुसऱ्याचं उत्तर ‘हिशेब’ आलं, तर तो खेळ कौशल्याचा असला तरी आपलं कसब तिथे कुणाच्या तरी धंद्याला जुंपलेलं असतं.

बाकी, या सुट्टीत घरातला कॅरम बोर्ड पलंगाखालून काढा. पावडर मारा, स्ट्रायकर शोधा, आजीला आधी खेळू द्या. २० शिलिंग वाचलेत, त्याचं चीज करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावात सणाला कुठले हाताच्या कसबाचे खेळ खेळतात ते जरूर कळवा. तोपर्यंत ऐकत राहा, खेळत राहा!